घोड्याचे दात आणि गाडीतला चिखल

या शनिवारचा लेख बऱ्याच दिवसांनी येतोय. कारण साधं आहे. गेले दोन महिने माझे सगळे वीकएंड एका गॅरेजच्या बाकड्यावर चहा पिण्यात गेले.

झालं असं की मी सेकंडहँड गाडी घेतली. सात वर्षं जुनी हॅचबॅक, ४२ हजार किलोमीटर, तीन लाख ऐंशी हजार. हिंजवडीला रोज कंपनीच्या बसमध्ये मान वाकडी करून झोपायचा कंटाळा आला होता, आणि आई-बाबा साताऱ्याला असल्यामुळे दर पंधरा दिवसांनी एसटीच्या रांगेत उभं राहायचाही. इंजिनिअर माणूस काय करतो? स्प्रेडशीट बनवतो. मीही बनवली. ३४ ओळी. टायर, क्लच, ऑइल गळती, पत्र्याचा रंग, आरसी, विमा, चलन, कर्जाचा बोजा... एकेका ओळीवर हिरवा रंग भरत गेलो. डीलरला विचारलं, "अॅक्सिडेंट केस आहे का?" तो म्हणाला, "अजिबात नाही सर. ओरखडासुद्धा नाही." आणि ते खरंच होतं.

तिसऱ्या आठवड्यात एसी लावला की कुबट वास यायला लागला. मग डाव्या बाजूची काच आपोआप खाली जायला लागली (सिग्नलला उभं असताना. पावसात.). शेवटी एका ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढून काढला. जो भाग कधीच बाहेर येत नाही त्यावर कॉफीच्या रंगाची एक रेघ होती. हात लावला तर बारीक माती. त्याने कार्पेट उचललं, सीटचे रूळ दाखवले. गंज.

"साहेब, ही गाडी पोहून आलीय."

मग त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि तिथे मात्र माझं हसणं थांबलं. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. माझ्या गाडीत तो लागतच नव्हता. मला ते कधी जाणवलंच नाही, कारण दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असंच आपण धरतो ना? एअरबॅगचा कंट्रोल युनिट गाडीच्या तळाशी, मधल्या कन्सोलखाली असतो. पाणी शिरलं की तो आधी मरतो. माझा मेला होता, आणि तो मेलाय हे सांगणारा दिवा कुणीतरी व्यवस्थित काढून टाकला होता. त्या गाडीत मी दोन वेळा आई-बाबांना घेऊन खंबाटकी घाट उतरलो होतो.

डीलरकडे गेलो. भांडायची मनाची तयारी करून. तो शांत होता. "सर, तुम्ही बघून घेतली ना गाडी? टेस्ट ड्राइव्ह मारली. सेकंडहँडला गॅरंटी कोण देतं?" मी म्हटलं, पण तुम्ही मला सांगितलं नाहीत. त्यावर तो जे बोलला ते अजून डोक्यातून जात नाही.

"तुम्ही अॅक्सिडेंटचं विचारलंत. पाण्याचं कुठे विचारलंत?"

घरी आल्यावर चिडचिड झाली, मग वाचन सुरू केलं. विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि घेणाऱ्याने नेमकं ते विचारलं नाही. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे फसवणूक का? मला वाटलं होतं हा फार तर शंभरेक वर्षांचा प्रश्न असेल. तो निघाला गाडीच्याच काय, घोडागाडीच्याही आधीचा. (डिस्क्लेमर: मी वकील नाही, बीई कॉम्प्युटर आहे. खालचा लेख सल्ला म्हणून नको, गोष्ट म्हणून वाचा.)

*

गाडीच्या आधी सेकंडहँड माल म्हणजे जनावर. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे जाणकार माणूस घोड्याचा ओठ वर करून दात बघतो (वय कळतं), चाल बघतो, अंगावरचे भोवरे बघतो. हीसुद्धा ३४ ओळींची स्प्रेडशीटच, फक्त डोक्यात असते. आणि दात, चाल, भोवरे सगळं ठीक असूनही घोड्याला एखादी खोड असू शकते, जी घरी नेल्यावर आठवड्याने कळते.

हे कौटिल्याला माहीत होतं. अर्थशास्त्राची पोथी शतकानुशतकं हरवल्यासारखीच होती. ती १९०५ मध्ये म्हैसूरच्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती लागली आणि १९०९ मध्ये छापली गेली. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी तिची चिकित्सक आवृत्ती तीन भागांत काढली (१९६० ते १९६५). मी आजवर अर्थशास्त्र म्हणजे हेर आणि विषकन्या एवढंच समजत होतो. पण त्याच्या तिसऱ्या अधिकरणात खरेदी-विक्री रद्द करण्यावर एक अख्खा अध्याय आहे. सौदा झाल्यावर मन बदललं तर किती दिवस? व्यापाऱ्यांना एक दिवस, शेतकऱ्यांना तीन, गुराख्यांना पाच. मला त्यातलं लॉजिक असं दिसतं की ज्याला बाजार जास्त कळतो त्याला सवलत कमी.

पुढे तर कमालच आहे. रोगी जनावर निरोगी म्हणून विकलं तर बारा पण दंड. आणि चार पायांचं जनावर परत करायची मुदत तीन पंधरवडे, म्हणजे ४५ दिवस. दोन पायांच्या मालासाठी, म्हणजे विकल्या जाणाऱ्या माणसांसाठी, एक वर्ष. (होय, तेव्हा माणसंही विकली जात. इतिहास वाचताना असे खडे दाताखाली येतातच.) कारणही दिलंय: माल चांगला की वाईट हे समजायला तेवढा वेळ पुरतो. म्हणजे दोष लगेच दिसत नाही, वापरल्यावर दिसतो, हे त्याने गृहीतच धरलंय. बघून घेतली ना, हा युक्तिवाद तिथे चालला नसता.

माझ्या गाडीचा दोष एकविसाव्या दिवशी सापडला. कौटिल्याच्या दरबारात माझ्याकडे अजून २४ दिवस शिल्लक होते :)

*

तिकडे रोममध्येही हेच. तिथे बाजारावर देखरेख करणारे अधिकारी असत, त्यांना एडाइल म्हणत. गुलाम आणि जनावरं विकणारे लोक आजच्या सेकंडहँड डीलरइतकेच बदनाम होते, म्हणून या अधिकाऱ्यांनी फर्मान काढलं: रोग असेल, खोड असेल, तर विकणाऱ्यानेच आधी सांगायचं. गुलामाच्या बाबतीत तर पाटीवर लिहून लावायचं. आजारी आहे का, पळून गेला होता का, वगैरे. माणसाच्या गळ्यात दोषांची पाटी... वाचतानाही कसंतरी होतं. पण विकत घेणाऱ्याचा हक्क म्हणून जी गोष्ट आपण आज मागतो तिचं एक मूळ इथे आहे.

दोष लपवला तर घेणाऱ्यापुढे दोन रस्ते असत. सहा महिन्यांच्या आत माल परत करून पैसे घ्या. किंवा एका वर्षाच्या आत, माल ठेवून, दोषामुळे कमी झालेली किंमत वसूल करा. हे दोन रस्ते लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

आणि गप्प बसण्याचं काय? त्यावर सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये सविस्तर लिहून ठेवलंय. त्याचं उदाहरण असं: ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोचतो. धान्याने भरलेली आणखी जहाजं मागून येताहेत हे त्याला माहीत आहे, गावाला माहीत नाही. त्याने सांगावं का? दोन तत्त्वज्ञ भांडतात. डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगतो तेवढे दोष सांगा, खोटं बोलू नका, बाकी माल तुमचा, भाव तुमचा. अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला कळायला हवं ते सगळं सांगा. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने उभा राहतो. माझा डीलर अर्थातच डायोजेनिसच्या.

*

मग ते प्रसिद्ध लॅटिन वाक्य, कॅव्हिॲट एम्प्टर, म्हणजे घेणाऱ्यानेच सावध राहावं, हे आलं कुठून? भाषा लॅटिन असली तरी ते वाढलं इंग्लंडमध्ये. सोळाव्या शतकातल्या शेतीवरच्या एका इंग्रजी पुस्तकात ते भेटतं आणि संदर्भ, ओळखा पाहू, घोडा! माणसाळलेला, रपेट झालेला घोडा घेताय तर जबाबदारी तुमची.

१६०३ मध्ये लंडनला एक खटला झाला. एका सोनाराने शंभर पौंडाला एक खडा विकला, बेझोअर आहे म्हणून. बेझोअर म्हणजे बकरीसारख्या जनावरांच्या पोटात तयार होणारा खडा; तो विष उतरवतो असा समज होता. (शब्द मूळ फारसी पादजहरवरून.) तो बेझोअर निघाला नाही. कोर्ट म्हणालं, सोनार नुसता म्हणाला की हा बेझोअर आहे. तशी हमी त्याने दिली नव्हती. नुसतं म्हणणं म्हणजे हमी नाही. सबब दावा टिकत नाही. शंभर पौंड गेले.

पुढची दोनेकशे वर्षं इंग्लिश कोर्टांचा कल साधारण असाच राहिला. आणि मग इंग्रजांनी कायदे लिहून काढायला एक प्रयोगशाळा निवडली. आपली.

१८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय, आणि खाली उदाहरणं दिली आहेत. मी ती रात्री एक वाजता वाचली आणि खुर्चीत ताठ बसलो. कारण त्यात डीलर, मी आणि घोडा, तिघेही आहोत.

पहिलं उदाहरण: अ लिलावात ब ला घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे अ ला माहीत आहे. तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. (अरे देवा.)

दुसरं: ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. इथे नात्यामुळेच सांगणं हे अ चं कर्तव्य ठरतं.

तिसरं: ब म्हणतो, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निर्दोष आहे असं मी धरतो. अ गप्प बसतो. इथे अ चं गप्प बसणं हे बोलण्यासारखंच.

काय गंमत आहे बघा. तोच घोडा, तोच दोष, तेच मौन. फरक फक्त घेणाऱ्याने आधी एक वाक्य उच्चारलं की नाही एवढाच. मी अॅक्सिडेंटचं वाक्य उच्चारलं, पाण्याचं नाही. डीलरला कलम १७ माहीत असण्याची शक्यता शून्य, पण धंद्यात राहून त्याला त्याचं सार बरोबर कळलेलं होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. १८९३ मध्ये इंग्लंडमध्ये माल विक्रीचा कायदा झाला आणि त्याच्या धर्तीवर आपल्याकडे १९३० चा. त्याच्या कलम १६ ची सुरुवात होते ती घेणाऱ्यानेच सावध राहावं या जुन्या नियमाने, पण लगेच अपवाद येतात. त्यातला एक आपल्या कामाचा: विकणारा त्या प्रकारच्या मालाचा धंदाच करत असेल, तर माल विकण्यालायक दर्जाचा असला पाहिजे. ही अट न बोलताच करारात असते. कुणी विचारायची गरज नाही! फक्त एक मेख आहे. घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांबद्दल नंतर ओरडता येत नाही. म्हणजे टायर गुळगुळीत आहे हे मला दिसायला हवं होतं. पण सीटबेल्टच्या आतली माती? मुद्दाम काढून ठेवलेला दिवा? तिथे "बघून घेतली ना" हे उत्तर पुरत नाही.

*

विकणारा धंदेवाला आहे की साधा माणूस, याने किती फरक पडतो ते इंग्लंडच्या तीन खटल्यांत छान दिसतं.

१९५७: एका साध्या माणसाने नवी गाडी घेताना जुनी मॉरिस डीलरला दिली. १९४८ चं मॉडेल म्हणाला, कागदावरही तेच. डीलरने २९० पौंड धरले. नंतर कळलं की गाडी १९३९ ची. आधीच्या कुणीतरी कागदात खाडाखोड केली होती. खरं माहीत असतं तर १७५ च दिले असते. डीलर कोर्टात गेला आणि हरला. लॉर्ड डेनिंग यांचं म्हणणं थोडक्यात असं की हा साधा माणूस, कागदावर होतं ते त्याने सांगितलं. तज्ज्ञ तुम्ही.

१९६५: आता उलट. डीलरने बेंटली विकली, इंजिन बदलल्यापासून फक्त २० हजार मैल चाललीय म्हणून. प्रत्यक्षात एक लाखाच्या आसपास. पुन्हा लॉर्ड डेनिंग. या वेळी डीलर हरला. गाडीचा इतिहास शोधून काढणं त्याला शक्य होतं, म्हणून त्याचं बोलणं ही हमीच. १६०३ चा सोनार आज असता तर त्याची खैर नव्हती.

१९६७: एकाने पेपरात जाहिरात दिली, १९६१ ची पांढरी हेराल्ड. घेणाऱ्याने गाडी नेली, ती नीट चालेना, म्हणून गॅरेजात उचलून बघितली, तर दोन वेगवेगळ्या हेराल्ड गाड्यांचे अर्धे भाग जोडून वेल्डिंग केलेलं! मागचा अर्धा भाग १९६१ चा, पुढचा त्याहून जुना. विकणाऱ्यालाही याचा पत्ता नव्हता. तरी तो हरला. जाहिरातीत जे वर्णन केलं ते अर्ध्याच गाडीला लागू होतं ना!

*

आता अमेरिका, कारण 'लेमन' हा शब्द तिथला. खराब निघालेल्या गाडीला तिकडे लिंबू म्हणतात. आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो, ते लोक गाडीलाच लिंबू म्हणतात. असो.

जॉर्ज अॅकरलॉफ नावाच्या तरुण अर्थशास्त्रज्ञाने या लिंबांवर एक छोटा निबंध लिहिला. तीन जर्नल्सनी तो नाकारला. १९७० मध्ये चौथ्याने छापला. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. (ज्यांचा कोड रिव्ह्यू तिसऱ्यांदा परत आलाय त्यांनी हे प्रिंट काढून डेस्कवर लावावं.)

कल्पना अशी. समजा चांगल्या जुन्या गाडीची खरी किंमत चार लाख, वाईटची दोन. घेणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून तो मधली किंमत देतो, तीन. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, तीनला कशाला देऊ? तो विकतच नाही. बाजारात वाईट गाड्यांचं प्रमाण वाढतं. ते लोकांना कळतं, मग ते अडीचच देतात. आणखी काही बरे विकणारे निघून जातात. शेवटी लिंबंच उरतात. म्हणजे लपवणाऱ्यामुळे नुसता घेणारा बुडत नाही, प्रामाणिक विकणाराही बुडतो. त्याने कितीही खरं सांगितलं तरी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

यात आपला खरा संबंध आहे. निबंध छापून येण्याआधी, १९६७-६८ मध्ये, अॅकरलॉफ वर्षभर दिल्लीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होते. निबंधात भारतातली उदाहरणं आहेत आणि एक तर थेट आपल्या स्वयंपाकघरातलं: बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि भारतीय गृहिणीला ते निवडत बसावं लागतं. माझ्या आजीचे दुपारचे दोन तास सुपात जायचे. नोबेल मिळालेल्या निबंधात तिचं सूप आहे हे तिला सांगायला हवं होतं.

तिकडे कायदेही झाले. १९७५ मध्ये वॉरंटीवरचा केंद्रीय कायदा आला. १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने पहिला 'लेमन लॉ' केला. पुन्हा पुन्हा दुरुस्त करूनही नवी गाडी सुधारत नसेल तर कंपनीने बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. पण जुन्या गाड्यांचं काय झालं ते जास्त बोलकं आहे. फेडरल ट्रेड कमिशनने १९८१ मध्ये नियम केला की डीलरला जे मोठे दोष माहीत आहेत ते त्याने काचेवरच्या स्टिकरवर लिहावेत. रोमची पाटीच ती! डीलरांच्या संघटनेने जोर लावला आणि १९८२ मध्ये अमेरिकी संसदेने तो नियम हाणून पाडला. संसदेला असा अधिकारच नाही असा निकाल १९८३ मध्ये आला, पण १९८४ मध्ये कमिशनने नियम पुन्हा काढला तेव्हा माहीत असलेल्या दोषांचं कलम त्यातून गायब होतं. उरला तो स्टिकर: वॉरंटी आहे की 'आहे तशी' विकतोय, एवढंच सांगणारा. हे वाचून मला जरा बरं वाटलं. आपणच मूर्ख नाही.

*

आपल्याकडे? लायसन्स राजमध्ये नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. जिथे नवी गाडी मिळत नाही तिथे जुनीतल्या दोषाबद्दल कोण भांडणार? ग्राहकाला आवाज मिळाला तो आधी किराण्यातून. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. घराघरांचे गट करून महिन्याचं सामान एकत्र आणायचं आणि वाटून घ्यायचं. म्हणजे आजीच्या सुपातल्या खड्यांवरचा हा सामुदायिक तोडगा. अशा चळवळींच्या रेट्यातून २४ डिसेंबर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. वकील न लावता तक्रार करता येईल अशी जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी उतरंड आली.

त्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे, २० जुलै २०२० पासून लागू. सेकंडहँड गाडीवाल्याच्या कामाचं त्यात एवढं: तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगातही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो, हेल्पलाइन १९१५. दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा रिपोर्ट लागतो, म्हणून दुरुस्तीच्या आधी फोटो आणि लेखी रिपोर्ट. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. (डेडलाइन आणि प्रत्यक्ष डिलिव्हरी यातला फरक आयटीवाल्यांना सांगायला नको.) आणि मुख्य म्हणजे हा कायदा धंदा करणाऱ्याविरुद्ध आहे. ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून गाडी घेतलीत तर तो व्यापारी नाही. तिथे करार कायदा आणि दिवाणी कोर्ट.

लेमन लॉ आपल्याकडे अजून नाही. जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आले, पण ते डीलरची नोंदणी आणि गाडी त्याच्या ताब्यात असतानाची जबाबदारी यांवर आहेत. दोष सांगायलाच हवेत असं ते म्हणत नाहीत. आणि जिथे बेझोअरवाला हरला त्या इंग्लंडमध्ये २०१५ पासून डीलरकडून घेतलेली सदोष जुनी गाडी ३० दिवसांत परत करता येते. कौटिल्यापेक्षा पंधरा दिवस कमी, पण ठीक आहे.

*

आता माझ्या गाडीचं काय झालं ते.

मेकॅनिकचा लेखी रिपोर्ट घेतला, फोटो काढले आणि डीलरला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. कलम १६, ग्राहक कायदा, काढलेला दिवा, सगळं. दहाव्या दिवशी फोन आला. आवाज एकदम मऊ. "सर, कोर्टकचेरी कशाला? गाडी आणून द्या, चाळीस हजार कापून बाकी परत देतो."

तीन लाख चाळीस हजार. मी जवळजवळ हो म्हणालो. रूममेट म्हणाला, घे आणि सूट, एवढे मिळताहेत तेच खूप. पण फोन ठेवता ठेवता मी विचारलं, "मग तुम्ही तिचं काय करणार?"

"ते आमच्यावर सोडा ना सर."

म्हणजे काय ते कळत होतं. गाडी धुतली जाणार, पॉलिश होणार, आणि पुढचा माणूस पण अॅक्सिडेंटचंच विचारणार. दिवा लागणार नाही, आणि त्यालाही वाटणार सगळं ठीक. मी फार मोठा साधू नाहीये. दोन दिवस झोप नीट लागली नाही, एवढंच. मग मी रोमचा दुसरा रस्ता मागितला: गाडी मी ठेवतो, फरक द्या. बरीच घासाघीस होऊन ८५ हजारांवर तुटलं. पावतीवर मी एक ओळ लिहून घेतली: गाडीत पाणी शिरलेलं होतं. ती ओळ लिहायला तो पैसे द्यायच्या वेळेपेक्षा जास्त कुरकुरला.

एअरबॅगचा युनिट, वायरिंग, सीटबेल्ट, कार्पेट मिळून एक लाख दहा हजार गेले. म्हणजे २५ हजार खिशातून, आणि विकताना आणखी बसतील, कारण ती पावती ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे आणि घेणाऱ्याला मी ती दाखवणार आहे. रूममेट मला अजून येडा म्हणतो. अॅकरलॉफच्या हिशोबाने तो बरोबरच आहे.

चावी फिरवली की आता दिवा लागतो आणि विझतो. मी रोज बघतो.

तुम्ही जुनी गाडी घेणार असाल तर माझी स्प्रेडशीट मागा, पाठवतो. तिच्यात आता पस्तिसावी ओळ आहे. सौदा करण्याआधी विकणाऱ्याला एक मेसेज टाकायचा: ही गाडी पाण्यात गेलेली नाही आणि तिच्यात दुसरा कुठला मोठा दोष नाही असं धरून मी घेतोय, असेल तर आत्ता सांगा.

उत्तर आलं नाही तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. १८७२ पासून त्याला अर्थ आहे.